माझ्या जागेवर कंडक्टर

नवऱ्याचा हेवा वाटतो असं एखादी बाई म्हणाली की लोकांना वाटतं, त्याच्या मोकळेपणाचा असेल, पगाराचा असेल, फार तर त्याच्या झोपेचा. मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटला तो एका खुर्चीवरून. तोही आजी व्हायच्या वयात.

खुर्ची आमच्या दवनीवाड्यातल्या विहारातली. साधी प्लास्टिकची, वर्षावासात तिच्यावर पांढरी चादर टाकतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन होतं. दोन्ही फोटोंसमोर मेणबत्त्या लागतात, वंदना होते, पंचशील होतं, मग एकानं खुर्चीवर बसून वाचायचं आणि बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण झालाच पाहिजे. त्या दिवशी समापन असतं, खीर असते, सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात.

आमच्याकडे ग्रंथ मी वाचते. मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून. घरी समोरच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. दिवसभर बायका येतात आणि मी ऐकते. गळा मोठा झाला, बाही तंग झाली, सून अशी बोलली, पोराचं कुठं जमत नाही. कात्री चालवत मी हूं हूं करते. संध्याकाळचा तेवढा एक तास असा असतो की मी बोलते आणि बाकीच्या ऐकतात. कोणी पाणी मागत नाही, कोणी हूक लावून मागत नाही. पन्नाशीत अक्षरं नाचायला लागली, चष्म्याचा नंबर वाढला, वाचता वाचता मधेच अंगातून वाफ निघते आणि ब्लाऊज पाठीला चिकटतो. तरी मी एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

नवरा बसवर कंडक्टर होता. त्याची ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची, त्यामुळे विहारात तो पौर्णिमेपुरता यायचा आणि दाराजवळ बसायचा. गेल्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. हार घातले, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एक माणूस रिकामा झाला. आयुष्यभर त्यानं हजार लोकांशी बोलून पोट भरलं होतं. आता तो माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहायचा. ब्लाऊज टाकायला आलेल्या बाईला विचारायचा, "कुठं चालल्या?" बाई माझ्याकडे बघायची. बाजूच्या घरातून आलेली बाई कुठं चालली असणार?

मुलीचं पहिलं बाळंतपण नागपूरला होतं आणि तारीख नेमकी वर्षावासात पडली. तिच्या सासूचे गुडघे गेलेले, म्हणून मलाच जावं लागणार होतं. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या मावशी. वय झालंय, पण विहाराची चावी अजून त्यांच्याच कमरेला असते. त्या म्हणाल्या, "तू गेली तं ग्रंथ कोन वाचन?" मीच नवऱ्याचं नाव सुचवलं. म्हटलं घरीच बसून आहेत, आवाज चांगला आहे, थोडे दिवस निभावून नेतील. निघताना त्याला दाखवून दिलं. खूण इथं आहे, रोज एवढं वाचायचं, एवढ्यावर थांबायचं. त्यानं ग्रंथ दोन्ही हातांनी घेतला आणि हो म्हणाला.

नागपूरहून मी रोज फोन करायची. नातीचं दूध, मुलीचे टाके हे सगळं सांगून झालं की विचारायची, किती झालं वाचून? आठवडा होऊन गेला तरी एक भाग संपला नव्हता.

"काऊन एवढा टाइम लागून राहिला?"

"लोक विचारतात. मी सांगतो."

"काय सांगता? लिहिलं आहे ना त्यात."

"अवं, लिहिलेलं सांगत नाही. बाकीचं सांगतो."

हे बाकीचं म्हणजे काय, ते मी परत आले त्या दिवशी कळलं. बॅग अजून उघडली नव्हती, तेवढ्यात गल्लीतली एक नवी सून माप द्यायला आली. हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, काकाजी मस्तच वाचते बरं. तुमच्या रागाची गोष्ट सांगतलन तं आमी पोट धरू धरू हासलो."

माझी टेप तिच्या दंडावर तशीच राहिली. "कोनती गोष्ट?"

"ते खिसा शिवून टाकल्याची."

गोष्ट खरी होती, त्यामुळे राग जास्त आला. पूर्वी एकदा भांडणात मी त्याच्या खाकी शर्टाचा खिसा मशीनवर घालून शिवून बंद केला होता. तो तसाच ड्युटीवर गेला आणि तिरोड्यापर्यंत सुटे पैसे मुठीत धरून उभा होता. ही आमच्या घरातली गोष्ट विहारात गेली, दोन्ही फोटोंसमोर.

जेवताना मी विचारलं, "माह्यी काय गोष्ट सांगतली तुमी?"

"कोनती?"

"कोनती म्हणजे? किती सांगतल्या?"

त्यानं भात कालवला. "रागाचा भाग होता. उदाहरण पायजे होतं."

"गावात दुसरं कोनी रागीट नाही का?"

"आहेत ना. पन ते सगडे समोर बसले होते."

त्या संध्याकाळी मी विहारात गेले आणि प्रवासाचा थकवा आहे म्हणून सतरंजीवर बसले. खरं म्हणजे मला बघायचं होतं. माझ्या जागेवर कंडक्टर बसला, पण बसला म्हणता येणार नाही. दोन ओळी वाचून झाल्या की तो उठून उभा राहायचा, ग्रंथात बोट घालून तो मिटायचा आणि दुसरा हात वर जायचा, जणू बसमधला दांडा धरला आहे. माइक त्यानं बाजूला ठेवला होता. त्या आवाजानं मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारलेलं आहे, विहार केवढासा.

धरून ठेवण्याबद्दलचा, आसक्तीचा भाग चालू होता. तो सांगत होता, "चिचगडच्या गाडीत एक म्हातारी चढली. डोक्यावर झाकलेली टोपली. म्हटलं माय, बस. तं म्हणे, मी बसली तं टोपली कोन धरन? म्हटलं खाली ठेव. तं म्हणे, कोनाचा पाय लागला तं? देवरीपर्यंत उभी, मान वाकडी झाली बिचारीची. उतरताना मी हात दिला, टोपली पाहतो तं रिकामी! म्हटलं माय, यात तं काईच नाही. तं म्हणे, बजारातून भरून आनाची आहे ना!"

विहार हसला. मग तो नुसता थांबला, आणि हसता हसता बायका गप्प झाल्या. माझ्या बाजूला बसलेल्या बाईनं पदर तोंडाशी धरला होता. ही तीच बाई, जी माझ्या वाचनात दर वर्षी भिंतीला टेकून झोपते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, झोप येणारच, असं मी आजवर समजत होते. रोवणा अजून सगळा आटोपला नव्हता, तिच्या पायाच्या बोटांत चिखल होता, आणि ती टक्क जागी होती.

मला तिथं असा हेवा वाटला की छाती गरम झाली. आधी वाटलं नेहमीची वाफ असेल. पण वाफ दोन मिनिटांत जाते, हे घरी पोहोचलं तरी गेलं नाही.

रात्री भांडी घासताना मी म्हटलं, "उद्यापासून मी वाचतो."

"वाच ना," तो लगेच म्हणाला. "तुह्यंच आहे." मग स्वयंपाकघरात काही काम नसताना उभा राहिला, आणि धुतलेला गिलास पुन्हा धुतला. मला दिसलं. त्या माणसाला चांगलं काही सापडलं होतं, हे मला कळत होतं. ते माझं होतं, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि वाचलं. चांगलं वाचलं, एक शब्द अडखळला नाही. संपल्यावर सगळ्यांनी वंदना केली, आणि एकीनं दाराकडे बघत विचारलं, "काकाजी नाही आले?" नवरा मुद्दाम घरी राहिला होता.

कुलूप लावताना मावशी म्हणाल्या, "बाई, राग नको मानू. तू मेल गाडी व्हय. आमच्या टेसनावर थांबतच नाही."

"आन् ते?"

"तो पॅसिंजर आहे. सगडे टेसन घेते."

घरी येऊन मी ग्रंथ उघडला, राहिलेली पानं बोटांत धरली आणि आश्विन पौर्णिमेला किती दिवस आहेत ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. मला एकदम हलकं वाटलं. नवऱ्याच्या पॅसेंजरनं एवढा वेळ घेतला होता की त्याच गतीनं गेलो असतो तर ग्रंथ होळीला संपला असता. मी मंडळाच्या बायकांपुढे हे असंच मांडलं. म्हटलं, यांनाच वाचू द्या, मला काही नाही, पण समापनाला ग्रंथ अर्धा राहील, बाजूच्या गावच्या बायका खीर खायला येतील त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं.

"तं मंग तूच वाच," त्या म्हणाल्या. "थांबू नको कुठं."

पुढचे सगळे दिवस मी वाचलं. माझ्या गतीनं, माइक जवळ घेऊन. नवरा दोन-तीन दिवसांनी यायला लागला आणि पुरुषांच्या बाजूला भिंतीजवळ बसू लागला. एखादी ओळ अशी यायची की बायकांच्या माना आपोआप त्याच्याकडे वळायच्या. मी पान उलटायची.

समापनाच्या दिवशी विहार भरला होता. बाहेर लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता आणि आत पांढऱ्या साड्यांना निळीचा वास. शेवटचा भाग मी वाचत होते. एका ठिकाणी श्वास घ्यायला मान वर केली, तर समोर नवरा दिसला. त्याचे ओठ हलत होते. उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला होता आणि त्यानं तो दुसऱ्या हातानं खाली धरला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातातल्या ग्रंथाकडे बघत होता. माझ्याकडे खुंटीला टांगलेल्या दुसरीच्या नव्या ब्लाऊजकडे पाहणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. तसं ते तोंड होतं. आरशात न बघता मला कळलं की गेले काही आठवडे माझं तोंड कसं दिसत असेल.

वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आपल्याजवळ असलेली गोष्ट दुसऱ्याला इतकी हवी आहे, हे इतक्या वर्षांत मला कोणी दाखवलं नव्हतं. शेवटचं पान मी हळू वाचलं. मावशींनी मला गुलाब दिला, टाळ्या झाल्या, खीर झाली.

घरी येताना तो वळणावर म्हणाला, "शेवटी थोडं समजावून सांगाले पायजे होतं तुवा."

"समजलं सगड्याईले."

"अन् कायले एवढी घाई?"

"पुढच्या वर्षी तुमी पहिल्या दिवसापासून वाचा आन् वेळेत संपवून दाखवा," मी म्हटलं. "तवर माह्यी जागा माह्याजवळ."

तो हसला नाही. हिशेब करत असावा, कारण थोड्या वेळानं म्हणाला, "रोज दोन तास ठेवले तं होते."

आता हिवाळा आहे. ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधून विहाराच्या कपाटात आहे आणि खुर्चीवर कोणीच नाही. नवऱ्यानं दुसरा उपाय काढला. सकाळी माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून तो पेपर मोठ्यानं वाचतो. एक बातमी वाचतो, पेपरात बोट घालून घडी करतो आणि बाकीचं सांगतो. तीन ओळींच्या बातमीत देवरी येते, सालेकसा येतं, बसच्या टपावर चढवलेली कुणाची तरी बकरी येते. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका उंबऱ्यावर टेकतात आणि उठत नाहीत. आता सुनेचं गाऱ्हाणंही मला सांगत नाहीत, त्यालाच सांगतात, आणि तो त्यावर एक गोष्ट सांगतो.

काल एक बाई अशीच बसली होती. ब्लाऊज घडी घालून पिशवीत ठेवलेला, पैसे दिलेले, तरी बसलेली. माझ्या मशीनची मोटर चालू होती तर ती मला म्हणाली, "काकू, थोडी बंद कराल का? काकाजीचं ऐकू येऊन नाही राहिलं."

मी मोटर बंद केली. पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "झाला तुझा ब्लाऊज. जा आता."

ती गेली. तो पेपर धरून माझ्याकडे बघत होता.

"पुढं सांगा," मी म्हटलं. "बकरीचं काय झालं?"