भाऊजींची चेरी

भाऊजींबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला भेटलेली आहेत, नाही असं नाही. पण ती सगळी त्यांच्याकडे एकदाच चहाला गेलेली असतात. दुसऱ्यांदा जाणारा माणूस आधी बहिरा तरी असतो नाहीतर नात्यातला तरी. मी नात्यातली. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

टायरच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं प्रशिक्षण अधिकारी होते. म्हणजे टायर कसा करावा हे टायर करणाऱ्यांना सांगायचे. स्वतः त्यांनी कधी टायरला हात लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. एकदा रस्त्यात गाडी पंक्चर झाली, तेव्हा चाक ताईने बदललं आणि भाऊजींनी कडेला उभं राहून स्पॅनर कसा धरायचा ते सांगितलं. कामगार त्यांना पाठीमागे ‘मार्गदर्शक’ म्हणत. ही थट्टा आहे हे त्यांना कळलंच नाही. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी तो शब्द चुकून तोंडावर उच्चारला, तर यांचे डोळे भरून आले.

ताई नेमकी उलटी. एका रोगनिदान प्रयोगशाळेत तिने अठ्ठावीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत बसायचं, आकडा लिहायचा, पुढची पट्टी. बोलायचं कारणच नाही. हात इतका स्थिर की तिने ओतलेला चहा सगळ्या कपांत एकाच रेघेला थांबतो. अशा बाईच्या पदरी देवाने हा माणूस का बांधला, हे मी आईलाही विचारलं होतं. आई म्हणाली, “स्थळ बोलकं होतं.”

निवृत्तीनंतर पहिले सहा महिने भाऊजींनी ताईच्या स्वयंपाकघराला शिस्त लावली. काचेच्या बरणीत साखर आहे हे कुणालाही दिसतं, तरी त्या बरणीवर ‘साखर’ अशी चिठ्ठी लागली. बादली कुठे ठेवायची त्याचा नकाशा मोरीच्या दारावर चिकटला. ताई मूग गिळून बसली. मला वाटलं, आता हा माणूस घरात बसून बायकोला वेड लावणार. तेवढ्यात चेरी आली.

झालं असं, की जुन्या सहकाऱ्याच्या मुलीने परदेशातून चॉकलेटांचा एक डबा आणला होता. चॉकलेटात बुडवलेल्या चेरी. दाताखाली टच्‌कन कवच फुटायचं, आतून गोड पाक जिभेवर यायचा आणि मग चेरी. भाऊजींनी लागोपाठ चार खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणाले, “यात आहे काय? कुणीही घरी करील.”

“करा की मग,” मी म्हटलं. ही माझी चूक.

दुसऱ्याच रविवारी मला बोलावणं आलं. भाऊजी ओट्याशी उभे, अंगात कोरा ॲप्रन, त्यावर इस्त्रीची घडी तशीच. समोर पातेल्यात चॉकलेट वितळत होतं आणि शेजारी बाटलीतल्या चेरी, पाकातून आत्ताच काढलेल्या, ठिबकणाऱ्या.

“अहो, त्या जरा कोरड्या करून घ्या,” ताई म्हणाली.

“अगं, ओलावा असला की चॉकलेट छान पसरतं. साधं विज्ञान आहे.”

आणि त्यांनी ओंजळभर चेरी पातेल्यात सोडल्या. चॉकलेटाचा क्षणात चिखल झाला. मग चिखलाचे खडे झाले. डाव उभा राहील इतका घट्ट गोळा, आणि त्यात चेरी अशा रुतलेल्या, जशी पुरात सापडलेली माणसं. भाऊजी ढवळत राहिले. ढवळून झाल्यावर त्यांनी दोषींची यादी काढली. चॉकलेट भेसळीचं होतं. हवा दमट होती. पातेलं ताईने नीट पुसलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण म्हणतो, पण अंगणाची लेखी तक्रार करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी खरोखरच दुकानदाराला दोन पानी पत्र लिहिलं. दुकानदाराने ते गल्ल्यावर उभ्याउभ्या वाचलं आणि एवढंच म्हणाला, “साहेब, चॉकलेटला पाण्याचं वावडं असतं. लहान पोरालाही ठाऊक आहे.”

भाऊजी घरी आले ते ‘दुकानदार उर्मट आहे’ असं म्हणत, आणि पातेलं घासायला ताईपुढे ठेवून झोपायला गेले.

ताईने पातेलं घासलं. मग तिने काय केलं ते मला नंतर कळलं. तिने एक जुनी वही काढली आणि प्रयोगशाळेत करायची तसं काम सुरू केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. देठासकट चेरी मिळवायच्या, चाळणीवर निथळायच्या, मग पंचावर पसरून रात्रभर सुकू द्यायच्या. पिठीसाखर, थोडं लोणी आणि घट्ट पाक मळून त्याची पातळ पारी प्रत्येक चेरीभोवती लपेटायची आणि गार करायची. चॉकलेट गरम पाण्यावर ठेवून वितळवायचं, पण वाफेचा थेंबही आत जाऊ द्यायचा नाही. मग ते निववायचं, आणि खालच्या ओठाला लावून बघायचं. किंचित गार लागलं की बरोबर. देठाला धरून चेरी बुडवायची, देठापाशी टाचणीएवढंही भोक राहता कामा नये, नाहीतर पाक गळतो. बुडाला चॉकलेटाचा दुसरा हात द्यायचा.

खरी गोम पुढेच होती. चेरी केल्या केल्या फोडली तर आत घट्ट पांढरी साखर असते. तिचा पाक आपोआप व्हावा लागतो. त्यासाठी ताईने जुन्या मैत्रिणीकडून साखर फोडणाऱ्या एन्झाइमची छोटी बाटली मिळवली. पारीची साखर मळताना त्यात त्याचे चार थेंब टाकायचे आणि चेरी डब्यात बंद करून पंधरा दिवस विसरून जायचं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. पंधरा दिवसांत आतली साखर हळूहळू विरघळते. सोळाव्या दिवशी तिने मला एक दिली. मी खाल्ली आणि काही बोलूच शकले नाही, कारण पाक हनुवटीवर आला होता.

भाऊजींनी सात खाल्ल्या. म्हणाले, “बघ. माझी पद्धत शेवटी जमली.”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा फणा काढतो. महिन्याभरात शेजारीपाजारी डबे गेले, वाहवा झाली, आणि भाऊजींनी बैठकीच्या खोलीत रविवारचे वर्ग सुरू केले. कारखान्यातून जुना पांढरा फळा आणला. आठ बायका आणि एक निवृत्त पोस्टमन. पोस्टमन फक्त खायला यायचा आणि तसं मोकळेपणाने सांगायचा, म्हणून त्या खोलीत मला आदर वाटावा असा तोच एक. भाऊजी काठीने फळ्यावर ‘टप्पा एक’, ‘टप्पा दोन’ दाखवायचे. ‘टप्पा तीन’ला आवाज द्यायचे, “असिस्टंट!” मग ताई आतून तयार ताट घेऊन यायची.

होय, असिस्टंट. तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला.

एका रविवारी एका बाईने विचारलं, “सर, आतल्या साखरेचा पाक व्हायला किती दिवस लागतात?”

“तीन,” भाऊजी म्हणाले. कारखान्यात त्यांचा कुठलाही कोर्स तीन दिवसांचा असे. त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट तीन दिवसांत पूर्ण होते असा त्यांचा पक्का समज.

ताई ताट ठेवत होती. ती सहज म्हणाली, “पंधरा लागतात. निदान पंधरा.”

भाऊजी हसले, ते त्यांचं वर्गात हसायचं हसू. “अगं, तू आत ट्रेकडे लक्ष दे. इथे प्रक्रिया चाललीय.”

ताई आत गेली. मी तिच्या मागे गेले. ती ओट्यावरची पिठीसाखर फडक्याने पुसत होती, पुसलेली जागा पुन्हा पुसत होती. मी म्हटलं, “बाहेर जा आणि सांग सगळ्यांना चेरी कोण करतं ते.” ती म्हणाली, “कळतं त्यांना. बायका आहेत.” तिच्या गप्प बसण्याचीही मला तेव्हा चीड आली. उंटावरून शेळ्या हाकणारा एक, आणि निमूट चालणारी शेळी माझीच बहीण.

पुढच्या महिन्यात गावातल्या महिला मंडळाने भाऊजींना सभागृहात प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. सत्तरेक माणसं येणार होती. भाऊजी आठवडाभर आरशासमोर भाषण घोकत होते. चार दिवस आधी त्यांनी ताईला हुकूम सोडला, “मला तीस चेरी हव्यात. सोमवारी कर, गुरुवारी मी स्टेजवर फोडीन. बरोबर तीन दिवस. लोकांना प्रक्रिया दिसली पाहिजे.”

“आत साखर घट्ट असेल,” ताई म्हणाली. मी तिथेच होते, म्हणून सांगते, तिने हे स्वच्छ सांगितलं. “मागच्या पंधरवड्यातल्या डब्यात आहेत, त्या न्या.”

“माझ्या नोट्समध्ये तीन लिहिलंय.”

“अहो, पण—”

“तुझं काम करायचं. माझं काम समजावायचं. ही विभागणी आजवर चाललीय ना?”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. काचपट्टीवर काहीतरी वावगं दिसलं की ती असंच बघत असणार. मग म्हणाली, “बरं. तुम्ही म्हणता तसंच करते.” आणि तिने अगदी तसंच केलं. सोमवारी तीस चेरी केल्या, एकही भोक नाही, एकही डाग नाही. गुरुवारी डबा त्यांच्या हातात दिला.

सभागृहात भाऊजी अर्धा तास बोलले. चिकाटीवर बोलले, संशोधनावर बोलले, चेरी ही ‘माझ्या आयुष्याची दुसरी पाळी’ असं म्हणाले. मग सुरी घेतली, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “आता बघा, कसा झरा वाहतो.”

सुरी आत गेली आणि अडकली. त्यांनी जोर लावला. चेरीचे दोन तुकडे झाले, आणि आतून खडूसारखी पांढरी साखर बाहेर आली. झरा सोडाच, ओलही नाही. दुसरी फोडली, तीच गत. तिसरी सुरीखालून सटकली आणि पहिल्या रांगेतल्या अध्यक्षबाईंच्या मांडीवर जाऊन पडली. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. मीही हसले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

भाऊजींचा चेहरा उतरला. घाम कानशिलावरून ओघळला, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, मला ते एखाद्या म्हाताऱ्या, घाबरलेल्या माणसासारखे दिसले. मला दया येणार एवढ्यात त्यांनी माइक पकडला.

“मित्रहो,” ते म्हणाले, “खुलासा केला पाहिजे. या चेरी मी केलेल्या नाहीत. माझ्या पत्नीने केल्यात. सगळ्या तीच करते. त्यामुळे ही त्रुटी.”

इतके दिवस वाहवा झेलताना जे नाव एकदाही तोंडातून निघालं नाही, ते फजिती झाल्याबरोबर सत्तर माणसांसमोर निघालं. मी ताईकडे वळले. ती शेवटच्या रांगेत बसली होती. तिचा चेहरा लाल होईल, ती उठून जाईल, असं मला वाटलं. ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर.

तिच्यापुढच्या रांगेत स्टेशनाजवळच्या बेकरीची मालकीण होती, दणकट, मोठ्या आवाजाची बाई. ती खुर्चीतच मागे वळली. “म्हणजे पोस्टमनने मला चाखायला आणून दिली ती तुम्ही केलेली?”

“हो,” ताई म्हणाली.

“ती तर हातावर वाहिली माझ्या! आज काय झालं?”

“पंधरा दिवस लागतात. आज तिसरा आहे.”

“मग सांगायचं नाही का त्यांना?”

“सांगितलं होतं.”

बेकरीवाल्या बाईने स्टेजकडे पाहिलं, जिथे भाऊजी अजून दमट हवेबद्दल बोलत होते, आणि एक असा उसासा टाकला की त्यात एक आख्खं लग्न मावलं असतं. मग विचारलं, “माझ्याकडे येता का? सकाळी दहा ते दोन. चॉकलेटाचं काम बघायला मला हात हवाय. तोंड नकोय.”

ताई म्हणाली, “सोमवारपासून येते.” कुणाला न विचारता. नवऱ्याला नाही, मला नाही.

आता मला सांगायला आवडलं असतं, की तिने घरी जाऊन त्यांना चार शब्द सुनावले. तसलं काही झालं नाही. घरी जाताना भाऊजी वाटभर तिला सांगत होते की माइकची रचना चुकीची होती. सोमवारी ती पावणेदहाला निघाली, त्यांचं जेवण झाकून ठेवून. पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांना सांगत सुटले, “मीच पाठवलंय तिला. बाहेरचा अनुभव हवा.” वर्ग बंद पडला. फळा बैठकीतच आहे, त्यावर आता विजेच्या बिलाच्या तारखा लिहितात.

वर्ष झालं. बेकरीच्या काचेत ताईच्या चेरी असतात आणि शनिवारी दुपारी बारालाच संपतात. तिच्या हाताखाली दोन बाया आहेत. त्यांना ती फार कमी बोलून शिकवते. करून दाखवते आणि बाजूला होते. परवा मी तिला विचारलं, “अगं, अजून कशी राहतेस या माणसाबरोबर?”

ती देठासकटच्या चेरी निवडत होती. म्हणाली, “दहा ते दोन राहत नाही ना.”

“आणि बाकीचे वीस तास?”

“त्यांतले आठ ते झोपतात.” मग थोडं थांबून म्हणाली, “तुला ते आवडत नाहीत, ठीक आहे. पण आता तू माझ्याही कामात मार्गदर्शन करू नकोस.”

मला ते झोंबलं, अजून झोंबतं. तिने देठ तुटलेली एक चेरी बाजूला टाकली आणि चाळणी माझ्याकडे सरकवली. मी हात धुतले, पुसून कोरडे केले, आणि निवडायला बसले.