मारेक आणि विटांची शाळा

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी डबा भरत असताना हानाचा फोन आला. "मावशी, डॅड इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मारेकच्या या मुलीला मराठीतला 'मावशी' हा एकच शब्द येतो, मीच शिकवलेला... मारेक पोलंडचा. युद्धात जमीनदोस्त झालेल्या वॉर्सात जुन्या मापांवरून भिंती पुन्हा उभ्या करणाऱ्यांत त्याचे वडील होते. तो आर्किटेक्ट होऊन अमेरिकेत आला आणि हर्नडनजवळच्या आमच्या लहानशा ऑफिसात जुन्या वास्तू वाचवण्याचं काम करत राहिला. मी तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर. वीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती.

त्याची शेवटची लढाई एका विटांच्या शाळेसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांना दुसरी कुठलीच शाळा घेत नव्हती, तेव्हा त्यांच्या आईबापांनी स्वतः बांधलेली. जागेच्या मालकाला ती पाडून तिथे पार्किंग हवं होतं. परवानगीसाठीच्या सुनावणीत मला शाळेच्या मागच्या भिंतीबद्दल विचारलं. "आज आहे तशी ती सुरक्षित नाही," मी म्हणाले, "पण टेकू दिले तर वाचेल." पहिलं वाक्य त्यांनी उतरवून घेतलं, दुसरं कुणी ऐकलंच नाही. शाळा पाडायची परवानगी मिळाली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मारेक, खोटं कसं बोलणार होते मी?"

"खोटं नकोच होतं," तो म्हणाला. "पण टेकूचं वाक्य तू फार हळू बोललीस."

ते खरं होतं. एवढ्या लोकांसमोर माझा आवाज खाली आला होता... पाडकामाच्या दिवशी तो कुंपणाशी दिवसभर उभा राहिला. मी गेले नाही. नंतर तो ऑफिसात आला तो फक्त टेबल आवरायला. आमच्यात भांडण झालं नाही, बोलणं मात्र कमी होत गेलं, आणि पुढे त्याला विस्मरणानं गाठलं.

केअर होममध्ये शेवटची भेटले तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. तो खोलीची भिंत वितीने मोजत होता. "लिहून घ्या," अनोळखी माणसाशी बोलावं तसं तो अदबीनं म्हणाला, "हे पाडणार आहेत." मी औषधांच्या यादीमागे लिहीत गेले.

त्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. कागद माझ्यापाशी आहे. चौदा विती भिंत, मग खिडकी, मग सहा विती. पुढचा आकडा सांगता सांगता तो थांबला. भिंतीवर हात तसाच ठेवून उभा राहिला... आणि मी पेन धरून वाट पाहत राहिले.