ओटीपी माझ्या स्कूटरचा

माझ्या स्कूटरला पंधरा वर्षं झाली. आता ती रस्त्यावर ठेवायची तर पर्यावरण कर भरायचा आणि नोंदणी पुन्हा करून घ्यायची. "भंगारात दे," मुलगा म्हणाला. "नाहीतर एजंटला दे, तुला नाही जमायचं," नवरा म्हणाला. झालं! डोकंच सटकलं माझं. याच स्कूटरवर मी कोपरच्या घरून रोज शाळेत शिकवायला गेलेय, सासूबाईंना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलंय. भंगारात कशाला देऊ?

सकाळीच मोबाइलवर साइट उघडली, गाडीचा नंबर टाकला. ओटीपी पाठवला म्हणे. कुणाला? माझा फोन गप्पच. स्क्रीनवर मोबाइल नंबराचे शेवटचे आकडे दिसत होते, ते घरात कुणाचेच नव्हते. जुनी फाइल काढली, तर आतल्या व्हिजिटिंग कार्डावर तेच आकडे. गाडी घेतली तेव्हा आरटीओचं काम केलेला कल्याणचा एजंट! फॉर्मवर मी नुसत्या सह्या केलेल्या, बाकी सगळं त्याने भरलेलं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

फोन लावला.

"ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून माझा नंबर टाकलेला. गाडी पाठवून द्या, मी करतो सगळं."

"गाडी राहू दे. ओटीपी सांगा."

"असं नसतं होत, ताई."

"गाडी माझी, कर मी भरणार आणि परवानगी तुमची? वा रे वा!" फोन ठेवला. परत साइट उघडली.

मोबाइल नंबर बदलायची सोय साइटवरच सापडली. तिला चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, हवा होता आणि आरसी कार्डावरची अक्षरं पार पुसलेली. मग जुना टूथब्रश आणि वाटीत साबणाचं पाणी घेऊन भरदुपारी पार्किंगमध्ये फतकल मारून बसले. वॉचमन हसला. हसू दे. घासून घासून खांदा भरून आला, पण आकडे दिसले. चहाच्या वेळेपर्यंत गाडीवर माझा मोबाइल नंबर लागला, ओटीपी माझ्या हातात आला आणि कर भरून पावतीही निघाली.

आरटीओत तपासणीला स्कूटर मीच चालवत नेली. साहेब वाकून बघत म्हणाले, "चासी नंबर एवढा स्वच्छ? काम कुणाकडून केलंत?"

"कुणाकडून म्हणजे? मीच केलं."

गाडी पास झाली. घरी आले, तर नवरा स्वतःच्या गाडीचे कागद मांडून बसलेला. "अगं, माझ्या गाडीवर पण त्या एजंटचाच नंबर आहे गं. बघतेस का जरा?"

मी टूथब्रश आणून त्याच्या हातात दिला.