माझ्यानंतरचं पाणी

मी हौदातून वर आले आणि कुणीतरी बूच काढलं.

अंगावरचा पांढरा झगा निथळत होता. नाकातोंडात पाणी. मंडळी टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांतून मला गुडगुड आवाज ऐकू आला. वळून बघितलं तर पाणी खाली चाललं होतं. अजून चौघांचा बाप्तिस्मा बाकी होता.

मी बावळटासारखं विचारलं, "पास्टर, पाणी का सोडलं?"

पास्टर माझ्याबरोबर त्याच पाण्यात कंबरभर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "गढूळ झालं होतं. तू जा, कपडे बदल."

गढूळ नव्हतं. तळाची निळी फरशी लख्ख दिसत होती.

त्या उन्हाळ्यात बंगळुरात बोअर आटले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या बिल्डिंगला टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. आणि आमच्या प्रार्थनागृहाच्या मागच्या हौदासाठी त्या दिवशी दुसरा टँकर आला. तोवर सगळे उन्हात बसून गाणी म्हणत राहिले. कुणी कुरकुरलं नाही.

कपडे बदलताना दारापलीकडून अक्कांचा आवाज आला. अक्का बसवनगुडीच्या, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. घरच्यांशी भांडून प्रभूकडे आल्या, म्हणून आमच्या छोट्या मंडळीला त्यांचं भारी कौतुक. माझ्यानंतर त्यांचीच पाळी होती.

"बरं झालं पाणी सोडलात, पास्टर अण्णा. पोरगी चांगलीच आहे की. पण तिची आई गटारात उतरते म्हणे. मला स्वल्प कसंतरी होतं."

"सरी, अक्का, ठीक आहे. देवाला मन कळतं."

आईचं मीच सांगितलं होतं. आदल्या रविवारी, मंडळीपुढे विश्वासाची साक्ष देताना, ताठ मानेनं. माझी आई नागपुरात गटारं साफ करते. तिच्या पगारावर मी इंजिनियर झाले. तेव्हा सगळे आमेन म्हणाले होते. अक्काही.

अक्कांचं मला तेवढं लागलं नाही. असली माणसं मी जन्मापासून बघतेय. पण पास्टर? टायफॉइडमध्ये माझ्या उशाशी बसलेला माणूस. येशूपुढे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही, हे ज्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते.

तो आवाज माझ्या मागे लागला. ऑफिसात बेसिनचं पाणी गेलं की गुडगुड. मोरीत गुडगुड. झोपेतही. प्रार्थनेला बसले की तोच. मग भीती वाटायला लागली. माझा बाप्तिस्माही त्या पाण्याबरोबर वाहून गेला असेल का? देवालाही माझ्यानंतर पाणी बदलावंसं वाटलं असेल का? हे कुणाला विचारणार!

एकदा सकाळी अंघोळ करून मी बादलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकलं. दारात माझी रूममेट टॉवेल घेऊन उभी. पुण्याची, तोंडाची फटकळ.

"अगं ए, ओततेस कशाला? मी घेतलं असतं ना!"

"माझं उरलेलं होतं."

"मग? वेड लागलंय का तुला? नळाला थेंब नाहीये!"

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. कारण मी ते रोज करत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या एवढ्या मारामारीत मी माझ्याच हाताने बूच काढत होते. आधी रडले. मग राग आला. पहिल्यांदाच स्वतःचा नाही, त्यांचा.

आणि एक गोष्ट आठवली. मला पाण्याची लहानपणापासून भीती. पण हौदात डोकं बुडालं तेव्हा भीती वाटली नव्हती. खाली ना पास्टर होते, ना अक्का. शांत होतं, आणि मी एकटी नव्हते. ते काही बूच काढून वाहून गेलं नाही. ते अजून आहे. माणसांनी शब्द फिरवला, येशूने नाही.

येत्या रविवारी पुन्हा बाप्तिस्मे आहेत. पास्टरांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. वर म्हणाले, "पाण्याचं तेवढं सोड. मंडळी दुखावेल."

"मंडळी? मग मी कोण?"

ते हळूच म्हणाले, "माझं चुकलं."

"मला एकटीला सांगू नका. हौदात उभं राहून सगळ्यांसमोर सांगा."

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. रूममेट म्हणते, सोड ते चर्च. सोडणं सोपं आहे. पण मी पास्टरांची पाहुणी म्हणून तिथे गेले नव्हते. मी येशूची शिष्य आहे. त्याने मला टाकलं नाही, तर मी त्याचं घर अक्कांच्या हवाली का करू?

बायकांना पाण्यात आधार द्यायला एक बाई आधीपासून हौदात उभी लागते. रविवारी ती मी असेन. पास्टर हो म्हणोत, नाही म्हणोत. सगळ्यांच्या आधी उतरेन. बूच माझ्या टाचेखाली असेल. ज्याला वेगळं पाणी हवं, त्याने वेगळा देव शोधावा.