माझा नायटा आणि तुझे सांधे

ये गं, अशी जवळ सरक. एवढी लांब काय बसतेस, मी चावते का? आणि आत्या आता कागदावर बोलायला लागली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू माझं ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहायला बसले. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, वेडंवाकडं असायचंच. पण शेवटपर्यंत वाच, मधेच उठायचं नाही.

तू माझ्या भावाची लेक. भाऊ-वहिनी गेल्यापासून सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या माझ्या दोन खोल्या हेच तुझं माहेर. लग्न होऊन केमला गेलीस, तरी एक नागपंचमी कधी चुकवली नाहीस. आल्या आल्या नाक मुरडायचीस, आत्याच्या साडीला तंबाखूचा वास येतो म्हणून. आणि मग त्याच साडीत तोंड खुपसून बसायचीस. या पंचमीला आली नाहीस. पुरणाचे दिंड उकडून ठेवले, दुपारपर्यंत दाराकडं पाहिलं, मग मीच फोन लावला.

तुझे सांधे धरलेत हे मला ठाऊक होतं. सकाळी वेणी घालता येत नाही, भाकरी थापताना बोटं वळत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की शरीराची राखण करणारी शक्तीच उलटली आणि आपल्याच सांध्यांना चावायला लागली. मला ते लगेच कळलं होतं. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावल्याचं मी पाहिलंय. पण त्या दिवशी तू त्यातलं काही बोलली नाहीस. तू एवढंच विचारलंस, "आत्या, मी तुझ्याच टॉवेलानं अंग पुसत होते ना गं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू तुझ्याकडनं निघालं. तुझ्या सासूबाईंनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं, की बुरशीमुळं सांध्यांचे असले आजार होतात. नायटा म्हणजे बुरशी. नायटा सोलापूरच्या आत्याला. झाला निकाल, माहेर बंद.

तुझ्या सासूला मी नावं ठेवणार नाही. बरं, ठेवतेच. ज्या बाईला स्वतःच्या चष्म्याचा नंबर माहीत नाही, तिला माझ्या कमरेपासून तुझ्या मनगटापर्यंत रोग चालत गेलेला स्पष्ट दिसला. केमला उतरताना त्यानं तिकीट दाखवलं असंल की तिला! शंका म्हणून कुणी काही सांगितलं की तेवढा 'म्हणे' गाळायचा आणि उरलेलं सुनेच्या अंगावर टाकायचं. याला हल्ली माहिती म्हणतात.

पण लेकी, तुझा प्रश्न काही मला सोडेना. नायटा मला आहे, हे खोटं नव्हतं.

तो आला कुठून, ते तुला सांगायला नको. विडीची पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि ती ओली गठडी मांडीला लावून दिवसभर वळत बसायचं. कमरेला परकराची नाडी करकचून आवळलेली. वर पत्रा तापलेला. बुरशीला आणखी काय पाहिजे? त्यात आमची अब्रू. बाईचा परकर उन्हाला दाखवायचा नाही म्हणून तो साडीच्या आत लपवून वाळत घालायचा. वाळायचा कसला, दमट तो दमटच. गल्लीतल्या निम्म्या बाया पदराआड कंबर खाजवत होत्या आणि एकमेकींना दिसू नये म्हणून तोंड फिरवत होत्या. असली अब्रू जाळा नेऊन.

औषध म्हणजे ती ट्यूब. औषधवाल्यानं माझी कंबर कधी पाहिली नाही, मीही दाखवली नाही. मी म्हणायचे "ती," तो म्हणायचा "तीच," की ट्यूब समोर. एवढ्या वर्षांत आमचं दोघांचं बोलणं एवढंच. नजर त्याची मोबाइलमध्ये. ती ट्यूब मग गल्लीभर फिरायची, लाटण्यानं दाबून शेवटचा थेंब काढायचो. शेजारीण तर ती तोंडाला लावायची, गोरं व्हायला. आधी तोंड उजळलं, मग गालांवर लाल शिरा उमटल्या. तर म्हणते कशी, "रक्त वाढलंय माझं." वाढलंय म्हणे.

आणि टॉवेल. सोलापुरात राहून टॉवेलाची ही तऱ्हा. तुझे आतोबा जन्मभर टॉवेलाच्या मागावर उभे राहिले, आणि घरात खुंटीवर टॉवेल एक. आंघोळ झाली की त्यानंच सगळ्यांनी अंग पुसायचं. बाकीचे ट्रंकेत, आहेराचे. आहेरात आलेला टॉवेल वापरायचा नाही, पुढच्या लग्नात द्यायचा. मीच दिलेला एक टॉवेल कुठली कुठली लग्नं फिरून माझ्याकडंच परत आला, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरनं ओळखला. कुणाचं अंग म्हणून पुसलं नाही त्यानं. अशा शहाण्यांच्या गावात नायटा नाही तर काय मोगरा फुलणार?

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. तू नववीत होतीस तेव्हा तुझ्या मानेवर गोल चट्टा उठला होता. आठवतो? माझाच होता तो, त्या खुंटीवरनंच गेला. ती ट्यूब मीच तुला लावली. तीन दिवसांत चट्टा गेला म्हणून मी गल्लीभर मिरवून आले. महिन्याभरात दोन उठले. सासूला हसते मी. पण न पाहता, न विचारता निकाल देणारी मीही तसलीच की.

हे पोटात घेऊनच सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडं गेले. नातीच्या वयाची पोर. कंबर दाखवायला लाजले, तर म्हणाली, आजी, ही लाज वीस वर्षांपूर्वी सोडायला हवी होती. ट्यूब हातात घेऊन तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, यातल्या एका औषधानं खाज तेवढी दबते आणि खाली बुरशी आरामात पसरते. मग मी तुझं सगळं सांगितलं. चट्टा, ट्यूब, टॉवेल, सांधे. काहीच झाकलं नाही.

मला वाटलं, ती सासूबाईंच्या व्हिडिओला हसेल. हसली नाही. म्हणाली, शंका अगदीच वेडी नाही. बुरशीच्या संसर्गानं शरीराची राखण बिथरते का, अशा आजारांशी त्याचं काही नातं आहे का, हे शोधणारे शोधतायत. पण असेल का म्हणून शोधणं वेगळं आणि आहेच म्हणून माणूस तोडणं वेगळं. नायटा टॉवेलातून दुसऱ्याला जातो. सांध्यांचा हा आजार टॉवेलातून जात नाही.

मी विचारलं, "मग माझ्यामुळं न्हाय ना झालं?"

"तुमच्यामुळं झालं असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही, आजी," ती म्हणाली. "तुमच्याकडे तरी आहे का?"

"नाहीच" असं छातीठोक सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मग तिच्यात आणि त्या व्हिडिओत फरक तो काय राहिला असता?

उठताना तिनं विचारलं, भाची गोळ्या कसल्या घेते? तू मागं पाकिटाचा फोटो पाठवला होतास, तो दाखवला. बघून तिनं मला परत बसवलं. म्हणाली, या गोळ्या त्या राखणीच्या शक्तीला आवरून धरतात. म्हणजे कुत्र्याला साखळी. घरच्यांना चावत नाही, पण चोर आला तरी धावत नाही. तिला तुमचा नायटा लागला तर तो पसरायला वेळ लागणार नाही.

कळलं का? तुझ्या सासूनं सगळं उलटं वाचलं होतं. माझ्या नायट्यानं तुझे सांधे धरले का, हे कुणालाच सांगता येत नाही. पण तुझ्या सांध्यांच्या गोळ्या चालू असताना माझा नायटा तुला महागात पडला असता, हे नक्की. तू पंचमीला आली नाहीस ते चुकीच्या कारणानं. पण बरं झालं. तिच्यामुळं वाचलीस, हे लिहिताना दात दुखतायत माझे.

मग नायट्याच्या मागं लागले. ट्यूब बंद केली आणि कंबर पेटली. इतकी, की पहिले पंधरा दिवस मी बसून विड्या वळू शकले नाही. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "डॉक्टरनीनं वाढवून दिला की गं तुला." आणि अर्धी ट्यूब पुढं केली. हात गेला होता माझा, खोटं कशाला सांगू. मग तुझी मान आठवली. गोळ्या सांगितल्या तेवढे दिवस घेतल्या, खाज थांबल्यावरही घेतल्या, मधे रक्त तपासलं. पानांची गठडी आता मांडीपासून लांब पाटावर असते. आणि परकर रस्त्याच्या बाजूला, उलटा करून, भर उन्हात. येणारे-जाणारे बघतात. बघू देत. शेजारणीनं आठवडाभर नाक मुरडलं, परवा बघते तर तिचाही दोरीवर.

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी दिवा लावून कंबर पाहिली आणि म्हणाल्या, स्वच्छ आहे, बोलवा भाचीला. तुझ्या डॉक्टरांनाही एकदा विचार, आणि कुणाच्याही व्हिडिओवर तुझ्या गोळ्या सोडू नकोस.

मी ट्रंक उघडली. आहेराचे सगळे टॉवेल काढले, गरम पाण्यातून काढून वाळवले. खिडकीजवळ नवा खिळा ठोकलाय, त्यावर निळ्या काठाचा एक आहे. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही, माझाही नाही. सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आण. हळदीच्या डागाचा त्यांच्यासाठी ठेवलाय.

पुढच्या पंचमीची वाट बघायला लावू नकोस गं. दिंड काय, कधीही उकडता येतात. बोटं वळत नसतील तर वेणी मी घालीन. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये, मी स्टेशनवर उभी राहते.