मिरच्यांचा धूर आणि नवी आवृत्ती
शेजारी कुणी चटणीसाठी मिरच्या भाजायला लागलं की मला ती दुपार आठवते. माझी लेक कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढते आणि तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी छोटे व्हिडिओ टाकते. त्या दिवशी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात सेव्ह केलेलं ड्रॉइंग जुन्या आवृत्तीत परत उघडत नव्हतं, म्हणून कारखान्यांतल्या पोरांना लगेच सावध करायचं होतं. ती बोलायला बसली आणि नेमक्या तेव्हाच मी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या तव्यावर टाकल्या. घरभर धूर झाला, खोकून खोकून तिचा आवाजच बसला. "आई, आता तूच बोल," ती कशीबशी म्हणाली. "मी? चौथी शिकल्याली बाई, लोक हसतील की!" "हसू देत. ड्रॉइंग गेलं तर रडतील." मी डोळे पुसत माईकजवळ सरकले. तिनं पडद्यावर बाण फिरवला आणि मी एका दमात बोलले, "पोरांनो, नव्यात सेव्ह करायच्या आधी जुन्याची एक कॉपी बाजूला ठेवा. मागनं रडून उपेग न्हाय!" लेकीनं हसत हसत ते तसंच टाकलं. संध्याकाळी एका अनोळखी पोरानं खाली लिहिलं, "मावशी, ठेवली बघा कॉपी. न्हायतर मालकानं आज माझी वाटच लावली असती." पाहुण्यांपुढं बोलायचं म्हटलं तर अजून माझी जीभ अडखळते, पण नवी आवृत्ती आली की लेक माईक माझ्याकडंच सरकवते. मी आधी नको म्हणते आणि मग, दिसत कुणालाच नसले तरी, पदर सावरून बसते.