तात्यांचा आग्रह

पंगतीत एखाद्या पाहुण्याची भाकरी संपत आली, की त्याच्यासमोर तुणतुणं वाजू लागायचं. तात्या त्या माणसाच्या, त्याच्या गावाच्या नावानं तिथल्या तिथं गाणं रचून आग्रह करायचे. पाहुणा चकलांब्याचा असो की नांदूरघाटचा, नको म्हणायची सोय नसे. आमच्या नेकनूरकडं लग्न ठरलं, की आधी दोघांना निरोप जाई: आचारी बाबूआप्पाला आणि तात्यांना.

दोघं लहानपणापासूनचे दोस्त. बाबूआप्पाची झणझणीत येसर आमटी तात्यांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी यायचीच.

"नेकनूरची ज्वारी, तिची पांढरी भाकरी,
येसर आमटी बाबूची, वाटी घ्या दुसरी!"

"बास बे! पातेलं रिकामं केलंस," चुलीपाशी बसलेला बाबूआप्पा ओरडायचा. मग तात्या आणखी जोरात गात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दोघं एकाच ताटात जेवत. असं कावून, म्हणून मी एकदा विचारलं. तात्या म्हणाले, "येगळं बसलं की ह्यो अर्धपोटी उठतो. सैपाक करणाऱ्याला कुणी आग्रह करतं व्हय?"

गेल्या वर्षी एका लग्नाच्या सैपाकाला निघालेला बाबूआप्पा छातीत कळ येऊन दारातच कोसळला आणि गेला. त्यानंतर तात्या कुठल्याच पंगतीत गायले नाहीत. बोलवायला आलेल्यांना हात जोडून परत पाठवत. माझ्या बहिणीच्या लग्नालाही त्यांनी नाही म्हटलं. मला राग आला. "लई मोठे झालात तात्या," असं मी त्यांच्या तोंडावर बोललो.

दिवाळीच्या सुट्टीत बाबूआप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको, सुमनकाकू, निम्मी राहिली होती. पुढ्यात ताट होतं आणि दाराशी बसून तात्या हळू आवाजात गात होते. सून माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "रोज येतेत. ते गायले तरच चार घास जातेत."

गाणं शेवटाला आलं. "येसर आमटी घरची," तात्या म्हणाले. काकूंचा हात थांबला.

"भावजी, त्यांचं नाव कावून गाळता?"

"तुमाला तरास व्हईल, वहिनी."

"नाव न्हाई घेतलं तर काय कमी व्हतो? घ्या."

तात्यांनी नाव घेतलं. काकू रडत रडत जेवल्या. अख्खी भाकरी खाल्ली.

तात्या उठले. मी मागोमाग गेलो. गल्लीच्या वळणावर भिंतीला हात टेकून ते हमसून हमसून रडू लागले. मी नुसता त्यांचा दंड धरून उभा राहिलो. बहिणीच्या लग्नाच्या वेळी बोललो त्याची माफी मागायची राहिली.

थोड्या वेळानं उपरण्यानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "जेवलास का रं?"

मी घरून जेवून आलो होतो. तरी "न्हाई" म्हणालो.

तात्यांनी मला घरी नेलं, समोर बसून वाढलं. गायले नाहीत. पुढच्या महिन्यात तेही गेले.